एकवीस किलोमीटर आणि वजनकाटा

वर्धा नदीच्या काठावरचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. तिथून निघणारी रुक्मिणीमातेची पालखी आषाढीला पायी पंढरपूर गाठते आणि ही परंपरा चारशेहून अधिक वर्षांची सांगितली जाते. वारीत एका दिवसाची वाटचाल अनेकदा वीस किलोमीटरच्या आसपास असते, म्हणजे जवळपास अर्ध्या मॅरेथॉनएवढी. साठी ओलांडलेली माणसेही ती पार करतात. कारण वारीला घाई नसते, विसावे ठरलेले असतात आणि सोबत असते.

हल्ली वऱ्हाडातल्या शहरांतही चाळिशीतली मंडळी अर्ध्या मॅरेथॉनसाठी नाव नोंदवू लागली आहेत. ही आनंदाची बाब आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार जवळपास निम्मे प्रौढ भारतीय पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. त्यामुळे धावणाऱ्याला घाबरवण्याचे कारण नाही. पण नोंदणी आधी, तयारी नंतर आणि तपासणी कधीच नाही, हा क्रम मात्र बदलायला हवा. ‘वजन उतरवायचे म्हणून धावतो’ हा हिशेबही एकदा तपासून पाहायला हवा.

धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. ऐंशी किलोच्या माणसाने २१.१ किलोमीटर धावले की सुमारे १,७०० कॅलरी जातात. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे संपूर्ण अर्धी मॅरेथॉन धावूनही पाव किलो चरबी जात नाही. शर्यतीनंतर काट्यावर दिसणारी घट बहुतेक घामाची असते आणि ती संध्याकाळपर्यंत भरून निघते. सकाळी पाच किलोमीटर धावून परतताना दोन कचोऱ्या आणि गोड चहा घेतला, तर कमावलेले बहुतेक तिथेच गमावले जाते.

मग धावू नये का? जरूर धावावे. नियमित व्यायामाने रक्तदाब उतरतो, इन्सुलिन अधिक चांगले काम करते, झोप सुधारते आणि हृदयाची ताकद वाढते. वजन एक किलोही उतरले नाही तरी हे फायदे मिळतात. उतरलेले वजन पुन्हा वाढू न देण्यातही व्यायामाचा मोठा वाटा असतो. वजन उतरवण्याचे मुख्य काम मात्र ताटात होते. साखर, तळण आणि रात्रीचा भात कमी करावा. वरण, उसळ, दही, अंडी वाढवावीत. ज्वारीची भाकरी मोजून खावी. आठवड्याला अर्धा किलोची घट पुरेशी आहे. ऐंशी किलोच्या माणसाचे चार ते आठ किलो उतरले तरी साखर आणि रक्तदाबात स्पष्ट फरक दिसतो. काट्यापेक्षा कमरेची टेप अधिक खरे सांगते. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात.

तयारीला तीन नव्हे, सहा महिने द्यावेत. मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा पंचेचाळिशीला भिडतो. तेव्हा मुहूर्त नको. मृगानंतर सुरुवात करून डिसेंबर-जानेवारीची शर्यत धरणे शहाणपणाचे. पहिले सहा आठवडे फक्त भरभर चालणे, आठवड्यातून पाच दिवस. त्यानंतर एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे. आठवड्यात धावण्याचे दिवस तीनच ठेवावेत, त्यातला एक लांब अंतराचा. दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी करावे. धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दम लागून शब्द तुटत असेल, तर वेग जास्त आहे. बैठका आणि जोर यांना दोन दिवस द्यावेत. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून ज्या अमरावतीत आहे, तिथे बैठकांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. स्नायू बळकट असले की गुडघ्यावरचा भार हलका होतो.

तपासणी आधी करावी. तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते. मधुमेह जुना असेल, हृदयविकार असेल, चालताना छातीत दाब येत असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकाराने कोणी गेले असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय धावायला लागू नये. नुसता ईसीजी सरळ आला म्हणजे सारे ठीक, असेही नाही. अमेरिकेतल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना आढळल्या. धोका अगदी कमी आहे. पण तो नेमका अशा लोकांना असतो, ज्यांचा आजार आधीपासून असतो आणि माहीत नसतो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर धावताना एकदम उतरू शकते. डोस मनाने बदलू नये, डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. मधुमेहींनी धावून आल्यावर तळपाय रोज पाहावेत. शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याची सवय मूत्रपिंडाला महागात पडते. विदर्भात सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. वाहकाला धावण्याची बंदी नाही; पण उन्हात, पाणी न पिता, अचानक जोर लावल्यास त्याच्या स्नायूंना इजा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. आपले कार्ड कोणते, हे माहीत असलेले बरे.

पाण्याचाही अतिरेक नको. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळले होते; त्यामागचे मोठे कारण जास्त पाणी पिणे हे होते. तहान लागेल तसे प्यावे, इतकेच.

आयोजकांकडूनही अपेक्षा आहेत. नोंदणी अर्जात आजार आणि औषधे विचारावीत, मार्गावर प्रशिक्षित माणसे आणि हृदयाला धक्का देणारे यंत्र ठेवावे, आणि चालत-धावत येणाऱ्यांना साडेतीन तास द्यावेत. ग्रामपंचायतींनी शाळेच्या मैदानावर पहाटे दिवा लावला, तर गावातल्या बायकाही निर्धास्त चालतील. एका पदकापेक्षा हे काम मोठे आहे.

शर्यतीचा दिवस एकच असतो. त्या दिवशी थकवा, ताप किंवा छातीत जडपणा असेल तर घरी थांबावे. पुढच्या वर्षीही शर्यत असणार आहे.