फॉर्म भरणारे आपण, प्रश्न ठरवणारे कोण?

समाजशास्त्रात एम.ए. झालेल्या आपल्या मुलामुलींना 'पुढे काय?' असे विचारले की ठरलेली उत्तरे येतात. सेट-नेट, एमपीएससी, नाहीतर एखाद्या संस्थेत तुटपुंज्या मानधनावर काम. मार्केट रिसर्चचे, म्हणजे बाजार संशोधनाचे नाव कोणी घेत नाही. खरे तर या क्षेत्रात आपण आहोतच, पण सर्वांत खालच्या पायरीवर. टॅब घेऊन उन्हातान्हात दारोदार फिरणारी, फॉर्ममागे पैसे घेणारी कितीतरी पोरे आपल्याच वस्त्यांतली आहेत. प्रश्न मात्र दुसरेच ठरवतात आणि निष्कर्षही तेच काढतात.

याने काय बिघडते? २०११ साली आलेली एनसीसीएस ही ग्राहक कुटुंबांची प्रतवारी पाहा. तिच्यात दोनच गोष्टी मोजतात: मुख्य कमावत्याचे शिक्षण आणि ठरलेल्या ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत. पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी यांच्याबरोबर त्या यादीत शेतजमीनही आहे. त्यावरून ए-१ ते ई-३ अशा १२ श्रेणी पडतात. जातीचा रकाना नाही. पण शिक्षण कोणाला नाकारले आणि सातबाऱ्यावर कोणाचे नाव कधी लागलेच नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. जात न विचारताही ती मोजली जाते. मग महाग वस्तूंच्या पाहणीत खालच्या श्रेणीचे दारच कोणी वाजवत नाही. हे रकाने आखणाऱ्या टेबलावर आपला माणूस असेल, तर निदान तो प्रश्न तरी विचारील.

काही कार्यकर्ते म्हणतील, आंबेडकरी तरुणाने साबण-शाम्पू खपवायचे का? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. नमुना निवड, प्रश्नावली, गटचर्चा, विश्लेषण ही हत्यारे शाम्पूला आणि शिष्यवृत्तीला सारखीच लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे क्षेत्रकामही खासगी संशोधन संस्थांकडून करून घेतले जाते. जातनिहाय गणनेची मागणी आपण लावून धरली. ते आकडे उलगडून सांगणारी आपली माणसे किती? १९१९ साली साऊथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी आकड्यांच्या आधारेच बाजू मांडली होती.

वाट सोपी नाही. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. अमेरिकेत शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले, असे चरित्रकार सांगतात. आज तेच काम आडनाव, इंग्रजीचा लहेजा आणि 'ओळखीचा रेफरन्स' करतात.

म्हणून तयारीने जायला हवे. एम.ए.ला 'संशोधन पद्धती'चा पेपर नुसता पास होण्यासाठी वाचू नका. याच कामाचा तो पाया आहे. जोडीला एक्सेल, एसपीएसएस किंवा आर शिका. इंग्रजीत दोन पानांचा नेटका अहवाल लिहिण्याचा सराव करा. फॉर्म भरण्यापासून सुरुवात करायला हरकत नाही, पण तिथेच अडकू नका. पर्यवेक्षक, डेटा तपासणी, विश्लेषण असे वर सरका. वस्तीतला माणूस कोणत्या प्रश्नाला खोटे उत्तर देतो आणि का देतो, हे तुम्हाला कळते. ही समज कुठल्याही एमबीएच्या वर्गात मिळत नाही. मुलाखतीत ती ठासून सांगा.

आणि जे आधीच आत पोहोचले आहेत त्यांनी महिन्यातला एक रविवार विहारात येऊन चार मुलांना हे काम शिकवावे. तेवढा 'रेफरन्स' आपणही एकमेकांना देऊ शकतो.

जय भीम!