ताफ्यातली शेवटची गाडी

गेल्या काही वर्षांत आपल्या भागात एक नवा छंद चांगलाच रुजला आहे. सात-आठ मित्र आपापल्या मोटारी घेऊन भल्या पहाटे एकत्र निघतात. विश्रामबागच्या चौकात जमायचे, पेठ नाक्याला चहा घ्यायचा, कराडवरून पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरायचा आणि दुपारी चिपळुणात माशाचे जेवण करायचे. कोणी साताऱ्याहून कास पठार गाठतो, कोणी आंबा घाटाने कोकणात उतरतो. ज्यांच्याजवळ मोटारी नाहीत ते मोटारसायकली काढतात. आपल्या महाविद्यालयातही अशा सहलींचे बेत वर्गाच्या मागच्या बाकांवर शिजत असतात, हे प्राध्यापकांपासून लपलेले नाही.

या छंदावर टीका करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. यंत्रावर प्रेम करणे, नवी वाट पाहणे, चार मित्रांसह पावसात भिजलेला सह्याद्री डोळ्यांत साठवणे, यात वाईट काय आहे? पण एकट्याने गाडी चालवणे आणि दहा गाड्यांनी मिळून जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हे वेगळेपण आपण अजून नीट ओळखलेले नाही, असे मला वाटते.

मी मोटार चालवत नाही. माझे वडील ट्रॅक्टर चालवतात, तोही दुसऱ्याच्या मालकीचा. हंगामात ऊस ओढतात, एरवी नांगरट करतात. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. मग या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार इतकाच, की ज्या रस्त्यावरून हे ताफे जातात त्या रस्त्याच्या कडेला आमचे घर आहे. मोटारीच्या काचेतून रस्ता जसा दिसतो तसा तो उंबऱ्यावरून दिसत नाही.

प्रथम थोडे गणित पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही गाडी थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. म्हणजे एकूण ३७ मीटर. हाच वेग ८० केला तर हे अंतर ५७ मीटरच्या आसपास जाते. वेग एक-तृतीयांशाने वाढला, पण थांबण्याचे अंतर दीडपट झाले! रस्ता ओला असेल, टायर झिजलेले असतील, तर ते त्याहूनही वाढते. म्हणूनच जाणकार सांगतात, की पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की सावकाश दोन सेकंद मोजावेत आणि मगच आपली गाडी त्या खांबापाशी पोहोचावी. पावसात चार सेकंद मोजावेत.

आता ताफ्यात काय होते ते पहा. पहिल्या गाडीने वळणावर वेग थोडासा कमी केला. दुसरीने तिच्याहून जरा जास्त ब्रेक दाबला, तिसरीने आणखी जास्त, आणि शेवटची गाडी जवळजवळ थांबलीच. वळण संपताच पहिली गाडी वेग घेते. मधले अंतर वाढते आणि मागे पडू नये म्हणून शेवटचा जीव खाऊन पळवतो. रांगेच्या डोक्याला असलेला माणूस शांतपणे ६० ने जात असतो, तेव्हा शेपटाचा माणूस ८० ने धावत असतो. गंमत अशी, की बहुधा सर्वांत अनुभवी चालक, सर्वांत भारी गाडी घेऊन, पुढे असतो आणि नवशिका, जुनी गाडी घेऊन, मागे असतो. ज्याला वेग पेलत नाही त्याच्याच वाट्याला जास्त वेग येतो. पुढच्याला याचा पत्ताही नसतो. मुक्कामाला पोहोचल्यावर तो प्रामाणिकपणे म्हणतो, "आपण तर अगदी हळू आलो!"

दुसरा प्रकार ओलांडण्याचा. उसाची दोन ट्रेलरची गाडी पुढे असते. ताफ्यातला पहिला समोर रस्ता मोकळा पाहून पुढे निघतो. दुसरा त्याच्या पाठोपाठ. तिसरा, चौथा काय पाहतात? माझ्या वडिलांनी हे ट्रॅक्टरच्या सीटवरून अनेकदा पाहिले आहे. अशाच एका ताफ्यातील चौथी गाडी समोरून एस.टी. आलेली पाहून घाईघाईने आत घुसली, तेव्हा वडिलांना भरलेले ट्रेलर कडेच्या मातीत उतरवावे लागले. नशीब, उलटले नाहीत. घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले, "पोरी, पैल्याला रस्ता दिसतोय, चौथ्याला निस्ती म्होरच्याची पाठ दिसती." या विषयावरचे पुस्तक मी वाचलेले नाही, पण त्यात यापेक्षा वेगळे काही असेल असे वाटत नाही. प्रत्येकाने ओलांडताना आपला रस्ता आपण पाहिला पाहिजे. पुढचा गेला म्हणून आपण जावे, हे मेंढरांच्या कळपाला शोभते.

आणि गाव? दहा गाड्या योग्य अंतर ठेवून ६० च्या वेगाने गेल्या तर ती रांग साडेतीनशे मीटरच्या आसपास भरते. एखादे छोटे गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत एवढेच असते. अंतर न ठेवता एकाला एक चिकटून गेल्या तर गावाचे दोन तुकडेच होतात. डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली म्हातारी, शाळा सुटलेली मुले, दूध घालायला निघालेला सायकलवाला, सगळे कडेला उभे राहतात. मध्येच एखाद्या मुलाला वाटते, रांग संपली. ते धावते, आणि तेवढ्यात मागे पडलेली ती शेवटची गाडी सुसाट येते. रस्त्यालगतच्या गावात वाढलेल्या कोणालाही विचारा, त्याला हीच भीती असते. म्हणून सात-आठपेक्षा जास्त गाड्या असतील तर त्यांचे चार-चारचे गट करावेत, दोन गटांत पाच-दहा मिनिटांचे अंतर ठेवावे आणि गावात शिरताना वेग निम्म्यावर आणावा. भोंगे वाजवून गाव जागे करण्यात कोणता पुरुषार्थ आहे?

कोणी म्हणेल, की असे नियम पाळायचे तर मोटारीचा शौक कशाला? शौकाची मजाच निघून जाईल. या मित्रांना मी १९५७ सालच्या इटलीची आठवण देते. 'मिल्ले मिल्या' नावाची हजार मैलांची मोटारशर्यत तेथे खुल्या रस्त्यांवरून होत असे. त्या वर्षी एका गावाजवळ एका गाडीचा टायर फुटला. चालक आणि त्याचा साथीदार तर गेलेच, पण रस्त्याच्या कडेला पाहत उभी असलेली नऊ माणसे मेली. त्यांत पाच मुले होती. त्यानंतर ती शर्यत त्या स्वरूपात बंदच झाली. शौकाची मजा कशाने जाते, याचे उत्तर येथे आहे. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून शर्यत लावणे आपल्या मोटार वाहन कायद्यानेही गुन्हा आहे. सहलीला निघालेला कोणी "चला, शर्यत लावू" असे म्हणत नाही, हे खरे. पण मागे राहायचे नाही असे दहा जणांनी मनात ठरवले, की शर्यत आपोआप सुरू होते.

आपले घाट तर कोणाचीच गय करीत नाहीत. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरच्या सहलीला निघाली असता पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि एक जण सोडून बसमधील सर्व मृत्यू पावले. ती तुमच्याआमच्यासारखीच शनिवारची पावसाळी सहल होती. तेथे कोणाची चूक होती, याचा निवाडा करण्याचा माझा हेतू नाही. घाटात सावरायला दुसरी संधी मिळत नाही, एवढेच त्यातून घ्यावे. घाट चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी हा नियम आहे. उतरताना खालचा गिअर ठेवावा, सारखा ब्रेक दाबून तो तापवू नये. धबधबा दिसला म्हणून वळणावर गाड्या उभ्या करून छायाचित्रे काढणे तर निव्वळ वेडेपणा आहे. मागून धुक्यात येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

आता आपल्याच मातीतले एक उदाहरण सांगते. समूहाने रस्त्यावरून कसे जावे हे शिकायला आपल्याला परदेशी पाहण्याची गरज नाही. सातारा जिल्ह्यातील आरफळचे हैबतबाबा यांनी १९ व्या शतकात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली. आजही तो सोहळा नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण असा याच जिल्ह्यातून जातो. लाखो माणसे, पण प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे. रथापुढे कोणती, रथामागे कोणती, हे ठरलेले आहे. विसावा कोठे, मुक्काम कोठे, हे आधी माहीत असते. मुक्कामी चोपदाराने चोप उंचावला की सगळे शांत होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच टाळ वाजवीत राहते, आणि चोपदार तिच्यापाशी जाऊन ती ऐकून घेतो. पुढे जाण्यात तेथे कोणी मोठेपणा मानीत नाही. म्हाताऱ्या माणसाचे पाऊल हेच दिंडीचे पाऊल. निरक्षर म्हणून ज्यांना आपण हिणवतो त्या माणसांना जे जमले ते पदवीधरांना दहा गाड्यांपुरतेही जमू नये काय?

दिंडीचा हा धडा मोटारींना लावला तर काय होईल? निघण्यापूर्वी दहा मिनिटे एकत्र उभे राहून रस्ता, थांबे आणि पेट्रोल भरण्याची जागा सर्वांना सांगावी. सर्वांत हळू चालवणाऱ्याला पहिल्या गाडीच्या लगेच मागे ठेवावे आणि सर्वांत अनुभवी माणसाने शेवटची गाडी घ्यावी. प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्या गाडीवर लक्ष ठेवावे आणि फाट्यावर ती दिसेपर्यंत कडेला सुरक्षित थांबावे. एवढे केले की कोणी चुकत नाही आणि चुकू म्हणून कोणी पळवत नाही. एखादा मागे राहिला तर त्याची थट्टा करू नये. चालवणाऱ्याने फोनला हात लावू नये. दारूला तर या सहलीत स्थानच नाही. कास पठारासारख्या ठिकाणी, ज्याचा २०१२ साली जागतिक वारशात समावेश झाला, नेमून दिलेल्या जागीच गाड्या लावाव्यात. फुले तुडवून काढलेले छायाचित्र अभिमानाने काय दाखवायचे?

न्यायाने बोलायचे तर दोष एकाच बाजूचा नाही. हंगामात रात्री मागचा दिवा नसलेली उसाची वाहने आपल्या रस्त्यांवर धावतात. तांबडे परावर्तक लावायला फार खर्च येत नाही, पण घाईत ते राहून जाते. बैलगाडीवाल्याकडे तर कंदीलही नसतो. हे बदलले पाहिजे, आणि ते आमच्या गावांतूनच बदलले पाहिजे. पण तोपर्यंत, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळा लागेपर्यंत, आपल्या जिल्ह्यात रात्री ताफ्याने परतणाऱ्याने अंधारात समोर ऊस उभा आहे असे धरूनच चालावे. समोरून गाडी आली की दिव्यांचा झोत खाली करावा.

अपघात घडलाच तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसी ससेमिऱ्यापासून संरक्षण देणारी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली आहे. तेव्हा 'नसती झंझट' म्हणून निघून जाण्याची सबब आता उरलेली नाही. त्याच दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंडाची शिक्षा ठेवली आहे. धाकट्या भावाला "घे, थोडी चालव" म्हणण्यापूर्वी हे आठवावे.

शेवटी माझ्यासारख्या मागच्या सीटवर बसणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपल्यापैकी बहुतेकांजवळ गाडी नाही. आपण दुसऱ्याच्या गाडीतून जातो. वेग वाढला की आपण दांडा घट्ट धरतो आणि गप्प बसतो. मुली तर हमखास गप्प बसतात, 'भित्री' म्हणतील म्हणून. पण जीव आपलाही आहे. "हळू चालव, नाहीतर मला येथेच उतरव," असे स्पष्ट सांगणे हा भित्रेपणा नव्हे. त्याला गप्प बसण्यापेक्षा जास्त धैर्य लागते. ज्याला त्याचा राग येईल त्याच्या गाडीत पुन्हा बसू नये.

मित्रहो, तुमच्या सहली जरूर निघोत. रस्ता सरकारने बांधला, पण त्यासाठी जमीन कोणाची तरी गेली आहे आणि त्याच्या कडेला कोणाचे तरी अंगण आहे. पुढच्या वेळी बेत ठरवाल तेव्हा सर्वांत पुढे कोण जाणार याची चर्चा मागाहून करा. शेवटची गाडी कोण चालवणार, हे आधी ठरवा.