जागल्या

मिरचीचा हंगाम आला की आमच्या दोंडाईच्यात वाळत घातलेल्या मिरचीने मोकळी मैदाने लाल होतात आणि रात्री त्या मालावर जागल्या बसतो. आमच्या शेजारच्या नानांनी उभा जन्म ही जागल केली. डोळा लागू नये म्हणून दाढेखाली तंबाखूची चिमूट ठेवायची, ही त्यांची जुनी सवय. परवा त्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. डॉक्टरांकडे चला म्हटले, तर नाना हसून म्हणाले, "नशीब शे, सर!"

मी मराठीचा मास्तर, वैद्यकातला नव्हे. तरी त्या रात्री नानांना जे सांगितले, तेच वाचकांनाही सांगतो.

जुन्या पोथीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून चुका होत. शरीरातली पेशी दुभंगतानाही तिच्यातल्या मजकुराची नक्कल होते आणि तीत चुका राहतात. त्या हेरायला पेशीत जागले असतात. त्यांतला थोर जागल्या म्हणजे 'पी-५३' नावाचे प्रथिन. चूक दिसली की तो पेशीचे दुभंगणे थांबवतो, दुरुस्ती करवतो आणि दुरुस्ती होत नसेल तर त्या पेशीला मरण पत्करायला लावतो. गंमत पाहा, १९७९ साली हे प्रथिन सापडले तेव्हा शास्त्रज्ञांनी त्यालाच चोरांचा साथीदार ठरवले! तो राखणदार आहे हे कळायला १९८९ साल उजाडले. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत हाच जागल्या निकामी झालेला आढळतो.

हा जागल्या घडवण्याचा नमुना आपल्याला एक आईकडून आणि एक बापाकडून, असा दोनदा मिळतो. हत्तीजवळ अशा वीस जोड्या आहेत; एवढा थोरला देह असूनही त्याला कर्करोग क्वचितच होतो. काही घराण्यांत एखादा नमुना जन्मतःच बिघडलेला येतो. तेवढ्यापुरते नानांचे नशीब खरे. पण तंबाखूतली विषे या नमुन्यालाच इजा करतात, तिथे नशिबाला बोल कशाला? टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी तोंडाच्या कर्करोगाच्या १००० रुग्णांची छाननी १९४४ सालीच प्रसिद्ध केली होती. जागल्याचे नाव तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. पण तंबाखू चघळण्याच्या सवयीकडे बोट तेव्हाच दाखवले गेले होते.

"म्हणजे नाना, बाहेरची राखण करण्यासाठी तुम्ही आतला राखणदार मारीत आहात," मी म्हणालो. नाना बराच वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "चला, सर."

डॉक्टरांनी चट्ट्याचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. कर्करोग अजून झालेला नाही. मात्र तंबाखू बंद आणि दर काही महिन्यांनी तपासणी. आता नाना बडीशेप चघळत जागतात.

फराळानंतर आपल्याकडे पानाचे तबक फिरेलच. त्यातली तंबाखूची डबी यंदा उचलून ठेवा. सुपारीही निर्दोष नाही, बरे का! आतला जागल्या जागा राहो, हीच दिवाळीची शुभेच्छा.