मूळ गाणं म्हणजे काय रे भाऊ?

आपल्याकडे काही शब्द नुसते उच्चारले तरी सभ्य माणसाचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होतो. 'भेसळ', 'पागडी', 'वशिला' आणि 'रिमिक्स'. यांतल्या पहिल्या तिघांच्या बाजूने बोलण्याची माझी तयारी नाही. चौथ्याचं वकीलपत्र मात्र मी घेतलं आहे, तेही फुकट.

रिमिक्सवरचा मुख्य आरोप असा की, तो मुळाची वाट लावतो. 'मूळ ते मूळच हो!' असं म्हणून आमच्या ओळखीतले एक रसिक डोळे मिटून घेतात. मिटलेले डोळे हा संगीताच्या खटल्यात आपल्याकडे निर्णायक पुरावा मानतात. माझ्याकडे तसला पुरावा नाही. माझ्याकडे एक अल्बम आहे: 'इनकॉग्निटो' या लंडनच्या बँडचा १९९१ सालचा 'इनसाइड लाइफ'.

हा बँड वाजवतो त्या प्रकाराला 'ॲसिड जाझ' म्हणतात. मी हे नाव घेतलं की घरात पित्तावरच्या गोळ्यांची शोधाशोध सुरू होते. वास्तविक यात ॲसिड औषधालासुद्धा नाही. १९८०च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या क्लबांत 'ॲसिड हाऊस'चा बोलबाला होता, तेव्हा जुन्या जाझ-फंकच्या रेकॉर्डी वाजवणाऱ्या मंडळींनी थट्टेथट्टेत आपल्या दुकानावर ही पाटी लावली. थट्टा विरली, पाटी राहिली. फंकमध्ये बेस गिटार आणि ड्रम हे यजमान. बाकीची वाद्यं पाहुणी. पहिल्या मात्रेवर सगळे असे ठाम उतरतात की, आपल्याला समेची आठवण व्हावी.

बँडचा कर्ता पुरुष 'ब्लूई' मॉनिक. जन्म मॉरिशसचा, वाढला लंडनमध्ये. बँडचा पहिला अल्बम आला १९८१ साली आणि दुसरा, म्हणजे हा, १९९१ साली. मध्ये दहा वर्षं. तेवढ्या वेळात आपल्याकडे एखादा उड्डाणपूलसुद्धा पुरा होतो!

या अल्बममधलं 'ऑल्वेज देअर' हे गाणं घेऊ. आधी त्याची कुंडली मांडतो. १९७५ साली रॉनी लॉज या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाने ही धून वाजवली. तिला शब्दच नव्हते. १९७६ साली 'साइड इफेक्ट' या गटाने तिला शब्द चढवले. १९९१ साली इनकॉग्निटोने जॉसलिन ब्राउन या गायिकेला बोलावून ती पुन्हा बांधली. आणि मग न्यूयॉर्कच्या डेव्हिड मोरालेस नावाच्या गृहस्थाने तिचा रिमिक्स केला, जो त्याच वर्षी ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेला.

आता डोळे उघडून सांगा, यातलं मूळ कुठलं? शब्दांशिवायचं मूळ म्हणावं, तर बाईंचा आवाज ही भेसळ ठरते. बाईंचं मूळ म्हणावं, तर १९७६च्या मंडळींनी काय घोडं मारलं? ज्याला आपण मूळ म्हणतो, ती बहुतेक वेळा आपण पहिल्यांदा ऐकलेली आवृत्ती असते.

शिवाय, रिमिक्स म्हणजे काय हेच आपल्याकडे नीट कळलेलं नाही. स्टुडिओत प्रत्येक वाद्य आणि आवाज वेगवेगळ्या पट्टीवर ध्वनिमुद्रित होतो. रिमिक्सवाला त्या पट्ट्या मागून घेतो, काही बंद करतो, काही लांबवतो, नवा ठेका घालतो. मोरालेसचा ठेका 'हाऊस'चा, मापात चार सारखे ठोके. खाली जमीन बदलते, वर आवाज तोच राहतो. आपल्याकडे २००२ साली 'काँटा लगा'च्या नावाने सगळ्यांनी बोटं मोडली. पण १९७२च्या 'समाधी'तल्या त्या गाण्याच्या नव्या आवृत्तीत लताबाईंचा आवाज नव्हताच. गाणं दुसऱ्या गळ्यातून पुन्हा गाऊन घेतलं होतं. तो रिमिक्स नव्हता, पण फाशी रिमिक्सला झाली. इनकॉग्निटोने मात्र १९९६ साली 'रिमिक्स्ड' नावाचा अख्खा अल्बम काढला. म्हणजे घरमालकानेच किल्ल्या हातात देऊन सांगितलं की, भिंती हव्या तशा रंगवा.

त्या चार ठोक्यांत फंकचा लचका काहीसा हरवतो, हे मान्य. आमटी घट्ट केली की तिचा पातळपणा जातोच. तो आवडीनिवडीचा प्रश्न झाला. माझी खरी फिर्याद वेगळी आहे, आणि तिची साक्षीदार हीच जॉसलिन ब्राउन.

आदल्याच वर्षी, १९९० साली, 'स्नॅप' या जर्मन गटाचं 'द पॉवर' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. त्यातली सर्वांच्या तोंडी बसलेली हाक मूळची जॉसलिनची. तिच्या 'लव्हज गॉना गेट यू' या आधीच्या गाण्यातून उचललेली. वेष्टनावर नाव मात्र स्नॅपचं. 'ऑल्वेज देअर'च्या वेष्टनावर बँडच्या शेजारी तिचं नाव ठळक छापलं होतं. बाई एकच, गळा एकच, कापाकापी दोन्हीकडे. एकीकडे ती पाहुणी होती, दुसरीकडे नुसता कच्चा माल. चोरी कात्रीत नसते, वेष्टनात असते.

म्हणून शुद्धतेच्या राखणदारांना माझं सांगणं आहे की, कात्रीवर ओरडण्यात घसा सुकवू नका. ती शक्ती श्रेय मागण्यात खर्च करा. पूर्वी रेकॉर्डच्या पाठीवर बेस कोणाचा, ट्रंपेट कोणाचा, हे बारीक अक्षरात का होईना, वाचायला मिळायचं. आज फोनवर गाण्याचं नाव आणि बोटभर चित्र दिसतं. वाजवणाऱ्याचं नाव शोधायला गेलात, तर गाणं संपतं. भांडायचं असेल तर इथे भांडा. दह्याचं ताक करा, ताकाची कढी करा, कढीला हवी ती फोडणी द्या. पण गाय कोणाची, ते पंगतीला सांगा!