विश्लेषण : चांद्रयानाचा डेटा खुला झाला, पण तो वाचणार कोण? पालघर-बोईसरच्या विद्यार्थ्यांना संधी काय?

चांद्रयान-२ने टिपलेल्या प्रतिमा आणि मोजमापे 'इस्रो'च्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत डाउनलोड करता येतात. त्या वाचण्याची सॉफ्टवेअर साधनेही बहुतांश मोफत आहेत. तरीही पालघर किंवा बोईसरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याने ही फाइल डाउनलोड केली, तर बहुधा ती उघडत नाही आणि उत्साह तिथेच संपतो. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा हा आढावा.

डेटा कुठे मिळतो?

चांद्रयान-२ २२ जुलै २०१९ रोजी झेपावले. त्याचे विक्रम लँडर चंद्रावर आदळले, पण ऑर्बिटर आणि त्यावरील आठ उपकरणे काम करत राहिली. या उपकरणांचा डेटा २४ डिसेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुला झाला. बेंगळूरुजवळच्या ब्यालालू येथील 'इस्रो'च्या डेटा केंद्रात तो साठवला जातो आणि 'प्रदान' या पोर्टलवरून वितरित होतो. चांद्रयान-३चा डेटा २३ ऑगस्ट २०२४ रोजी, पहिल्या राष्ट्रीय अंतराळ दिनी उपलब्ध करण्यात आला.

फाइल थेट का उघडत नाही?

मोबाइलमधला फोटो 'जेपेग' स्वरूपात असतो. तो कुठल्याही फोनवर उघडतो, कारण त्याचे नियम सर्वांना ठाऊक आहेत. ग्रहविज्ञानाचा डेटा 'पीडीएस४' या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ठेवला जातो. त्यात एका मोजमापासाठी किमान दोन फाइल्स असतात. एकीत फक्त आकडे सलग भरलेले असतात. दुसरी 'एक्सएमएल' लेबलची. आकडे कुठून सुरू होतात, एका ओळीत किती पिक्सेल आहेत, एका पिक्सेलला किती बाइट लागतात, निरीक्षण कधी झाले, हे सगळे त्या लेबलात लिहिलेले असते.

तारापूर औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. लेबल नसलेल्या पिंपात काय आहे हे कळल्याशिवाय तिथे कोणी त्याला हात लावत नाही. इथेही तसेच आहे. उदाहरणार्थ, १ आणि २ हे दोन बाइट एका क्रमाने वाचले तर आकडा होतो २५८ आणि उलट्या क्रमाने वाचले तर ५१३. कोणता क्रम बरोबर, हे फक्त लेबल सांगते. क्रम चुकला की चंद्राच्या प्रतिमेऐवजी पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतात.

लेबल हरवले तर काय होते?

याचे सर्वात बोलके उदाहरण 'नासा'च्या व्हायकिंग मोहिमेचे आहे. १९७६ मध्ये या यानांनी मंगळाच्या मातीत जीवसृष्टीच्या खुणा शोधण्याचे प्रयोग केले. दोन दशकांनंतर एका संशोधकाने तो डेटा मागितला, तेव्हा चुंबकीय फिती होत्या, पण त्यांवरील आकड्यांची मांडणी सांगू शकणारे प्रोग्रामर उरले नव्हते. अखेर जपून ठेवलेल्या छापील कागदांवरून आकडे मिळवावे लागले. फिती असूनही त्यांचा उपयोग होईना.

कोणती साधने लागतात?

पहिल्या ओळखीसाठी 'पीडीएस४ व्ह्यूअर' पुरेसा आहे. लेबलची फाइल त्यात उघडली की प्रतिमा किंवा तक्ता समोर येतो. पायथन येत असेल तर 'पीडीएस४ टूल्स' ही लायब्ररी तेच काम चार-पाच ओळींत करते. ज्यांना नकाशांवर काम करायचे आहे, त्यांच्यासाठी 'जीडॅल' ही लायब्ररी आणि तिच्यावर चालणारे 'क्यूजीआयएस' हे सॉफ्टवेअर आहे. भूगोल आणि सिव्हिल अभियांत्रिकीच्या अनेक विद्यार्थ्यांना क्यूजीआयएस आधीच माहीत असते.

त्यापुढची पायरी म्हणजे अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे 'आयसिस'. ते प्रामुख्याने लिनक्स आणि मॅकवर चालते. विंडोजवर ते चालवायचे तर आत लिनक्सची सोय करून घ्यावी लागते. त्याच्या जोडीला 'स्पाइस' हवे. प्रतिमा टिपली त्या क्षणी यान कुठे होते आणि कॅमेरा कोणत्या दिशेला रोखलेला होता, याचा हिशेब 'स्पाइस'मध्ये असतो. ही सर्व साधने मोफत आहेत.

डेटा 'तयार करणे' म्हणजे काय?

यानाकडून आलेला कच्चा आकडा म्हणजे मोजमाप नव्हे. कॅमेऱ्यातील प्रत्येक पिक्सेलची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता थोडी वेगळी असते. ती दुरुस्ती म्हणजे कॅलिब्रेशन. त्यानंतर प्रतिमेला चंद्राच्या अक्षांश-रेखांशांवर बसवावे लागते. मगच दोन वेगवेगळ्या दिवशी टिपलेल्या प्रतिमांची तुलना करता येते. ही पायरी गाळली तर सावलीलाच विवर समजण्याची चूक होते.

फाइलचा आकार हीदेखील अडचण असते. चांद्रयान-२चा सर्वाधिक स्पष्ट कॅमेरा १०० किलोमीटर उंचीवरून २५ सेंटीमीटरचा तपशील टिपतो. त्याची एक ओळ १२,००० पिक्सेलची असते. अशा एक लाख ओळी असतील आणि एका पिक्सेलला एक बाइट धरला, तर एकच प्रतिमा १.२ जीबीची होते. साध्या लॅपटॉपवर ती पूर्ण उघडण्याचा हट्ट धरू नये. जीडॅलने हवा तेवढा तुकडा कापून घ्यावा आणि त्यावर काम सुरू करावे.

जुन्या डेटातून नवे काही सापडते का?

सापडते. चांद्रयान-१चा संपर्क ऑगस्ट २००९ मध्ये तुटला. त्यावरील 'एम३' या उपकरणाच्या साठवलेल्या डेटातून चंद्राच्या ध्रुवांजवळ पृष्ठभागावर बर्फ असल्याचा पुरावा मांडणारे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. यान बंद पडून तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

दुसरे उदाहरण शन्मुग सुब्रमण्यन यांचे. चेन्नईतील या अभियंत्याने 'नासा'ने खुल्या केलेल्या आधीच्या आणि नंतरच्या प्रतिमा ताडून पाहिल्या आणि विक्रम लँडरचा एक अवशेष शोधला. डिसेंबर २०१९ मध्ये 'नासा'ने त्यांना जाहीर श्रेय दिले. ते कोणत्याही अंतराळ संस्थेत नोकरीला नव्हते.

पालघरशी याचा संबंध काय?

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. कित्येक कुटुंबांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. या धक्क्यांच्या अभ्यासात भूकंपमापकांच्या नोंदींबरोबरच उपग्रहांच्या रडार प्रतिमाही वापरल्या गेल्या. एकाच जागेच्या दोन वेळच्या रडार प्रतिमा जुळवल्या की जमिनीची सेंटीमीटरभर हालचालही पकडता येते. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाच्या अशा प्रतिमा सर्वांना मोफत मिळतात आणि त्यांच्यासाठीचे 'स्नॅप' हे सॉफ्टवेअरही मोफत आहे. चंद्राचा डेटा वाचायला शिकलेला विद्यार्थी याच कौशल्यावर आपल्या तालुक्याची जमीन वाचू शकतो. लेबल, कॅलिब्रेशन, नकाशावर बसवणे, तुलना : पायऱ्या त्याच.

आणखी एक दुवा खडकाचा. चंद्रावर जे काळसर डाग दिसतात, ती बेसॉल्टची मैदाने आहेत. जव्हार-मोखाड्याचे डोंगरही बेसॉल्टचेच. बुलढाण्यातील लोणारचे विवर बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेले आहे, म्हणूनच चंद्र-मंगळावरील विवरांशी त्याची तुलना केली जाते. इतके जवळचे संदर्भ जगात फार थोड्या विद्यार्थ्यांना मिळतात.

मग अडते कुठे?

डेटाला पैसे पडत नाहीत, सॉफ्टवेअरलाही नाहीत. पहिले आठ दिवस मात्र महाग पडतात. कोणती फाइल निवडायची, कच्ची की कॅलिब्रेट केलेली, लिनक्स कसे बसवायचे, एरर आली तर कोणाला विचारायचे, हे सांगणारे कोणी जवळ नसते. मुंबईच्या नामांकित संस्थेतील विद्यार्थ्याला वरच्या वर्षातला कोणीतरी सांगतो. बोईसरहून लोकल पकडून कॉलेज गाठणाऱ्याला किंवा विक्रमगडहून एसटीने येणाऱ्याला ते स्वतःच शोधावे लागते. मार्गदर्शिका असतात त्याही इंग्रजीत आणि आधीच जाणकार असलेल्यांसाठी लिहिलेल्या.

काय करायला हवे?

पहिले म्हणजे, महाविद्यालयांनी मिनी प्रोजेक्टच्या विषयांत हा डेटा घ्यावा. दरवर्षी ग्रंथालय व्यवस्थापन आणि हजेरीची तीच ती ॲप्स बनवण्यापेक्षा चंद्रावरील विवरे मोजणारा प्रोग्राम विद्यार्थ्याला अधिक शिकवतो. दुसरे, एका संगणक प्रयोगशाळेत लिनक्ससह ही साधने एकदाच बसवून ठेवावीत आणि निवडक प्रतिमा स्थानिक हार्ड डिस्कवर साठवाव्यात, म्हणजे प्रत्येकाला गीगाबाइट्स डाउनलोड करावे लागणार नाहीत. तिसरे, 'इस्रो'ने दर डेटासंचासोबत छोटा नमुना आणि तो उघडणारा चालता प्रोग्राम द्यावा आणि त्याची पायरीपायरीने माहिती मराठीसह भारतीय भाषांतही द्यावी.

१९६९ पासून तारापूरची अणुभट्टी देशाला वीज देते आहे. अत्याधुनिक विज्ञान या किनाऱ्याला नवे नाही, पण बहुतेक स्थानिकांनी ते कुंपणाबाहेरूनच पाहिले. चंद्राच्या डेटाला कुंपण नाही. मात्र फाटक उघडे आहे म्हणजे आत जाता येते असे होत नाही, वाट दाखवणाराही लागतो. करदात्यांच्या पैशातून मिळवलेला हा डेटा मोजक्या संस्थांपुरता राहिला, तर तो खुला केल्याचा अर्थ निम्माच उरेल.