अस्वलाचं जंगल कोणी खाल्लं?



पहाटे मोह वेचायला गेलेल्या बाईवर अस्वल धावलं, अशी बातमी दर उन्हाळ्यात येते. साहेब लोक सांगतात, जंगलात जाऊ नका. आम्ही विचारतो, अस्वलाचं जंगल कोणी खाल्लं ते आधी सांगा.

अस्वल काय खाते हे आपल्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. वारूळ उकरून उधई आणि मुंग्या ओढते. उन्हाळ्यात मोह, टेंभरं, चारं, पाऊस लागताना जांभळं, हिवाळ्यात बोरं. उंबर आणि बहाव्याच्या शेंगाही सोडत नाही. म्हणजे आपली टोपली आणि अस्वलाचं पोट एकाच झाडाखाली भरते.

कुपात काय होते? मिश्र जंगल तोडून सागाच्या रांगा लावतात. कागदावर ते जंगलच. पण सागाखाली ना आपल्याला वेचायला काही, ना अस्वलाला. वाळकी, पोकळ, पडकी झाडं निकामी म्हणून उचलून नेतात; उधई तर त्याच लाकडात राहते. मग गावालगत उरलेल्या चार मोहांखाली माणूस आणि अस्वल समोरासमोर येतात.

पण खरं बोलायचं तर सगळा दोष खात्याचा नाही. मोहाखाली आग आपणच लावतो. पत्ता चांगला फुटावा म्हणून तेंदूची झुडपं छाटतो, जाळतो. छाटलेल्या झुडपाला टेंभरं धरत नाहीत. आग पसरली की चाराची, आवळ्याची लहान रोपं मरतात. हे आपण थांबवलं नाही तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने बोलणार?

2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 5 वाचा. जंगल आणि जंगलातले प्राणी राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा आणि मर्दा या गावांना 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाले. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत हे ठराव घ्या:

1. ग्रामसभेला विचारल्याशिवाय कूप नाही. मोह, चार, टेंभुर्णी, जांभूळ, उंबर, बहावा यांना हात लावायचा नाही.
2. मोहाखाली आग नाही, झाडून घ्यायचं.
3. तेंदूचा एक भाग दरवर्षी न छाटता सोडायचा.
4. मोहाला उजाडल्यावर, चार-पाच जणांनी मिळून, मोठ्याने बोलत जायचं.

ठराव लिहून घ्या, सह्या-अंगठे घ्या, एक नक्कल गावात ठेवा. तोंडी ठराव साहेब ऐकत नाही.

अस्वलाला जंगलात पोटभर मिळालं, तर आपल्या बायाही मोह वेचून सुखरूप घरी येतील.