लाल रेषा, निळी रेषा आणि झेरॉक्समधली काळी रेषा

मंडळी, आजचा विषय जरा तांत्रिक आहे. पण शेवटी तो तुमच्या-माझ्या घरावर, वाडीवर आणि होडीवरच येतो, म्हणून जरा दम धरून वाचा.

मी डिझाईन आणि छपाईच्या धंद्यातला माणूस. आमच्याकडे एक भांडण रोजचं असतं. गिऱ्हाईक मोबाईलवर पत्रिका दाखवतं, "हाच हिरवा पाहिजे". छापून आली की तोच हिरवा मळकट दिसतो. मग "तुमची शाई खराब" इथपासून सुरुवात होते. दोष शाईचा नसतो. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, लाल, हिरवा आणि निळा मिसळून. त्याला आम्ही आरजीबी म्हणतो. कागदावर मात्र सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया बसतात, ते सीएमवायके. प्रकाशातून दिसणारे सगळे रंग शाईतून निघतच नाहीत. चमकदार हिरवा विझतो, स्क्रीनवरचा गडद निळा कागदावर जांभळट होतो. म्हणून काम कुठे दिसणार आहे हे आधी विचारायचं आणि फाईल त्याप्रमाणे बनवायची. धंद्यातला हा पहिला धडा.

पत्रिकेचा हिरवा बिघडला तर लग्न मोडत नाही. पण सरकारी नकाशाचा रंग बिघडला तर?

पूररेषेचंच बघा. आपल्या राज्यात नदीकाठी दोन रेषा आखतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी. म्हणजे तुमचा प्लॉट कुठल्या रेषेच्या अलीकडे आहे, यावर सगळं ठरतं. २२ जुलै २०२१ ला महाडने काय भोगलं ते आपण पाहिलंय. तिथे या दोन रेषांमधला फरक म्हणजे पुस्तकी गोष्ट नाही.

आता हा नकाशा ब्लॅक अँड व्हाईट झेरॉक्समध्ये घाला. संगणकाच्या नेहमीच्या हिशेबाने रंगाचा करडा करताना काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ धरतात. शुद्ध लाल येतो ७६ वर, शुद्ध निळा २९ वर. दोन्ही गडद. बारीक रेषेत तर दोन्ही सरळ काळ्याच. आपल्याकडे गावात कागद पोचतो तो बहुतेक वेळा झेरॉक्स होऊनच. एका कार्यालयाच्या फलकावर मी असा नकाशा पाहिलाय. सूचीत लिहिलेलं "लाल रेषा" आणि "निळी रेषा", नकाशावर दोन काळ्या रेघा. समोर उभा असलेला माणूस आपला गट नंबर शोधत होता, तोही चार शायांच्या काळ्यात छापल्यामुळे फुटलेला. बारीक अक्षर फक्त काळ्या शाईतच छापायचं असतं. चार शाया केसभर जरी सरकल्या तरी ३ चा ८ दिसतो.

किनाऱ्याच्या नकाशांचंही तेच. सीआरझेडची २०१९ ची अधिसूचना सांगते की ग्रामीण भागात जिथे २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ च्या वर आहे, तिथे समुद्राच्या बाजूला भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र आणि बाकी ठिकाणी २०० मीटर. दीडशे मीटरचा फरक! मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरला दीडशे मीटरमध्ये अख्खी नारळी-पोफळीची वाडी आणि घर बसतं. अशा नकाशावर हरकत घ्यायची तर आधी तो वाचता आला पाहिजे. वाचताच न येणारा नकाशा लावून हरकती मागवणं म्हणजे आंधळ्याला आरसा दाखवणं.

तिसरं, हवामानाचे इशारे. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. मोबाईलवर झकास दिसतात. पण करड्यात नेहमीचा केशरी येतो १७३ वर आणि ठसठशीत हिरवा १५० वर. म्हणजे झेरॉक्समध्ये "सज्ज राहा" आणि "काळजी नाही" जवळपास सारखेच! नुसता रंगवलेला नकाशा छापून जेटीवर चिकटवला तर काय उपयोग?

कोणी म्हणेल, आता सगळ्यांकडे मोबाईल आहे, कागद कशाला? ३ जून २०२० आठवा. निसर्ग वादळानंतर आपल्याकडे वीज गेली, टॉवर बंद पडले, कित्येक गावं कितीतरी दिवस अंधारात होती. तेव्हा भिंतीवरचा कागदच उरतो. आणि मोबाईलवर तरी काय, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला नकाशा लहान होऊन येतो, बारीक रेषा त्यातच विरतात.

दुसरं कोणी म्हणेल, ग्रामपंचायतीला रंगीत छपाई परवडत नाही. मान्य. पण मी रंगीत छपाई मागतच नाही. आपल्या बंदरांवरचा बावटा बघा. "तीन नंबर लागला" म्हटलं की कोळीवाड्यात कोणी रंग विचारत नाही. दिवसा शंकू आणि पिंपाचे आकार, रात्री तांबडे-पांढरे दिवे आणि प्रत्येक इशाऱ्याला नंबर. रस्त्यावरच्या सिग्नलचंही तसंच, लाल वर, हिरवा खाली. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या माणसालाही थांबायचं कधी ते समजतं. जुन्या लोकांना हे कळत होतं की इशारा एकट्या रंगावर सोडायचा नसतो.

म्हणून माझं म्हणणं इतकंच:

१. लोकांसाठीच्या प्रत्येक नकाशाच्या दोन फाईली करा, स्क्रीनसाठी आरजीबी, छपाईसाठी सीएमवायके.

२. रंगासोबत खूण द्या. निळी रेषा तुटक, लाल अखंड, आणि रेषेवरच नाव लिहा. याला एक पैसा जास्त लागत नाही.

३. इशाऱ्याच्या नकाशात तालुक्यावर रंगासोबत शब्दही छापा.

४. प्रसिद्ध करण्याआधी एक साधी झेरॉक्स काढा. त्यात वाचता आला तरच लावा.

हे काम कोणा एका साहेबाचं नाही. नकाशा बनवणाऱ्या एजन्सीच्या कंत्राटात ही चार वाक्यं घातली की झालं. तोवर आपण काय करायचं? पुढच्या ग्रामसभेत नकाशा आला की त्याची झेरॉक्स हातात घ्या आणि विचारा, "यातली लाल कुठली, निळी कुठली?" उत्तर मिळालं नाही तर तेच इतिवृत्तात लिहून घ्या. हरकतीची मुदत संपल्यावर बोलून काही उपयोग नाही.

तुमच्या गावच्या फलकावर असा नकाशा असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा.